सुई उडतेय? काउंटरवेटला हात लावण्याआधी हादरा कुठून येतोय ते शोधा

आठवडाभर घरी टर्नटेबलवर वाजवून घोटलेला डीजे सेट होता. एकदाही सुई उडाली नव्हती. तोच सेट कार्यक्रमात लावला, लोक नाचायला लागले आणि तिसऱ्याच रेकॉर्डला सुई टुणकन दोन चरी पुढे. हात आपसूक काउंटरवेटकडे गेला, म्हणजे सुई धरणाऱ्या टोनआर्मच्या मागच्या टोकाच्या वजनाकडे; ते आत फिरवलं की सुईवरचा भार वाढतो. अर्धा वेढा आत. पुन्हा उडाली. आणखी अर्धा. रात्र संपेपर्यंत वजन किती झालंय याचा मला पत्ता नव्हता आणि उड्या होत्या तेवढ्याच. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं, तर सुई ज्या बारीक दांडीच्या टोकाला बसवलेली असते ती दांडी दबून कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीच्या, पोटाला टेकायच्या बेतात होती, आणि माझ्या आवडत्या दोन रेकॉर्डांवर राखाडी पट्टे उमटले होते.

वजन वाढवून फक्त एकाच प्रकारची उडी थांबते, ती म्हणजे मुळातच वजन कमी असल्यामुळे पडणारी. बाकीच्या उड्या हातातून, जमिनीतून नाहीतर हवेतून येतात. तिन्हींवरचे इलाज वेगवेगळे आहेत, आणि काही तर एकमेकांच्या उलट आहेत. त्यामुळे आधी निदान.

उडी नेमकी कधी पडते?

रेकॉर्ड ३३⅓च्या वेगाने फिरत असेल तर एका फेरीला १.८ सेकंद लागतात, ४५च्या वेगाला साधारण १.३३. मोबाइलवर घड्याळ लावून मोजा. टक् आवाज किंवा उडी दर १.८ सेकंदांनी येत असेल, किंवा सुई पुन्हापुन्हा त्याच ओळीवर परत येत असेल, तर दोष त्या रेकॉर्डचा आहे. ओरखडा असेल, चिकटलेली घाण असेल. पिन अडकली असं आपण म्हणतो तो प्रकार हाच. टर्नटेबलशी झगडू नका, रेकॉर्ड पुसा, नाहीतर बाजूला ठेवा.

फक्त स्क्रॅच करताना (रेकॉर्ड हाताने पुढेमागे घासताना) किंवा क्यू मागे घेताना (गाण्याची सुरुवात हाताने जुळवताना) उडत असेल तर हात, स्लिपमॅट (रेकॉर्डखालची घसरती चकती) आणि टोनआर्मची जुळणी बघायची. कोणी बूथमध्ये, म्हणजे डीजेच्या जागेत, चढलं, टेबलाला टेकलं किंवा समोर नाच रंगला की उडत असेल तर जमीन. आणि आवाज एका पातळीच्या वर नेला की गुरगुर सुरू होते, किक ड्रम जाड आणि चिखलासारखा ऐकू येतो आणि मग सुई उडते, असं असेल तर हवा, म्हणजे तुमच्याच स्पीकरचा बेस.

आणखी एक खूण. सुई नेहमी आत, लेबलच्या दिशेनेच घसरते की बाहेर? एकाच बाजूला जात असेल तर बाहेरच्या हादऱ्याआधी टर्नटेबलची पातळी आणि अँटी-स्केट (आर्मची आत जाण्याची ओढ रोखणारं बटण) तपासा. दोन्ही बाजूंना वाटेल तशी जात असेल तर बाहेरून काहीतरी हलवतंय.

टोनआर्म: पंधरा मिनिटं इथे घालवाच

सगळ्यात आधी सुईच्या टोकाला अडकलेला कापसासारखा गोळा काढा. ब्रश मागून पुढे, म्हणजे हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज जिच्यात बसते त्या पट्टीच्या) मागच्या बाजूकडून तुमच्याकडे. उलटा फिरवलात तर सुईची दांडी वाकते. हसू येईल, पण घरातल्या घरात सुरू झालेल्या उड्यांचं कारण मला बहुतेक वेळा हा गोळाच सापडला आहे.

मग हेडशेल घट्ट करणारी कडी आवळा, कार्ट्रिजचे दोन स्क्रू बघा, सुईचा भाग कार्ट्रिजमध्ये पूर्ण बसलाय ना ते बघा. त्यानंतर टोनआर्म हेडशेलजवळ दोन बोटांत अलगद धरून मागेपुढे हलवायचा प्रयत्न करा. बेअरिंगमध्ये किंचित जरी डुगडुग जाणवली, तर पुढचं सगळं वाया आहे. ते आधी जाणकाराकडून नीट करून घ्या.

आता वजन. काउंटरवेटवरचा आकडा शून्य नीट लावलेला असेल तरच खरा असतो. अँटी-स्केट शून्यावर ठेवा, सुईवरचं झाकण काढा, आणि टोनआर्म प्लॅटरच्या (रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकडीच्या) बाहेरच्या बाजूला हवेत आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट फिरवा. तरंगला की काउंटरवेट न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा. त्यानंतर दोन्ही मिळून हवं तेवढं फिरवायचं. छोटा डिजिटल काटा असेल तर त्याच्यावर एकदा खात्री करून घ्या. बऱ्याच जुन्या टर्नटेबलवर कडी सैल झालेली असते आणि आकडा आपोआप सरकतो.

किती वजन? कार्ट्रिजच्या कागदावर दिलंय तेवढं. शुअरच्या एम४४-७ची मर्यादा १.५ ते ३ ग्रॅम होती, आणि २०१८मध्ये कंपनीने कार्ट्रिज बनवणंच बंद केलं असलं तरी आजही कित्येकांकडे ती आहेत. डीजेंसाठी बनवलेली बरीचशी इतर कार्ट्रिज ३ ते ४ ग्रॅमच्या आसपास चालतात. मी मर्यादेच्या वरच्या टोकाकडे लावतो, पण ओलांडत नाही. हेडशेलवर नाणं चिकटवणं, काउंटरवेट उलटं बसवणं हे जुगाड मीही केलेत. दांडी दबून बसली की सुईला वरखाली हलायला जागाच उरत नाही. मग मोठा बेस कोरलेल्या चरीवर ती जास्तच उडते, आणि चर खरवडली जाते ते वेगळंच.

सुईची जागाही महत्त्वाची. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलसोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या मापाने हेडशेलच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. डीजे हे कार्ट्रिज वाटेल तिथे बसवतात आणि मग शेवटचं गाणं वाजताना सुई डळमळते म्हणून तक्रार करतात. शेवटचं गाणं मुळातच अवघड असतं: १२ इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २० सेंटीमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. कार्ट्रिज तिरकं असेल तर पहिला मार तिथेच बसतो.

टोनआर्मची उंची अशी ठेवा की सुई रेकॉर्डवर असताना आर्म रेकॉर्डला समांतर दिसेल. जाड स्लिपमॅट घातली की ही उंची पुन्हा बघावी लागते, हे लोक विसरतात.

अँटी-स्केटबद्दल दोन तट आहेत. सरळ वाजवायचं असेल तर वजनाच्या जवळपास लावा, कारण रेकॉर्ड पुढे फिरताना आर्म आत ओढला जातो. स्क्रॅच करणारे बहुतेक जण शून्यावर ठेवतात, कारण हात सतत पुढेमागे असताना एकाच बाजूची ओढ उलट त्रास देते. मी मिक्स करताना १ ते १.५ ठेवतो, स्क्रॅचसाठी शून्य. आणि पाणसळ प्लॅटरवर दोन दिशांना ठेवून बुडबुडा मध्ये आणा. टर्नटेबलचे पाय फिरवून उंची बदलता येते ती यासाठीच.

हात

स्क्रॅच करताना उडत असेल तर बरेचदा आपण रेकॉर्ड फिरवत नसतो, दाबत असतो. रेकॉर्ड कडेला दाबली की दुसरी कड वर येते आणि सुई त्या उतारावरून घसरते. बोटं हलकी, आणि सुईपासून लांब. टर्नटेबल ९० अंशांत वळवून टोनआर्म पलीकडच्या बाजूला जाईल असं ठेवलं की मनगट आर्मला लागत नाही. बॅटल पद्धत म्हणतात ती यातूनच आली.

स्लिपमॅट घसरत नसेल तर हाताचा जोर वाढतो. तिच्याखाली मॅटच्याच आकाराचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा किंवा मेणकागदाचा पातळ गोल कापून घाला. रेकॉर्डचं मधलं भोक झिजून मोठं झालं असेल तर रेकॉर्ड स्पिंडलभोवती, म्हणजे मधल्या खुंटीभोवती, खडखडते आणि प्रत्येक उलट्या ओढीला सुईला झटका बसतो. स्पिंडलला चिकटपट्टीचा एक वेढा घाला. एकच, दोन घातले की रेकॉर्ड अडकते. सुईचं टोक गोल असलेलं घ्या. लंबगोल टोकाच्या सुया सरळ वाजवायला छान, पण मागेपुढे करताना पटकन बाहेर पडतात.

जमीन

इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोक्यांचं) गाणं म्हणजे सेकंदाला दोन ठोके. लोक ठोक्यावर उड्या मारत असतील तर लाकडी किंवा पोकळ मजला सेकंदाला दोनदा, म्हणजे २ हर्ट्झने, खालीवर होतो, आणि सोबत त्याच्या ४, ६ हर्ट्झच्या पटीतले हादरे येतात. दुसरीकडे टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी स्वतः साधारण १० हर्ट्झच्या आसपास डोलते. म्हणजे जमिनीचा हादरा आर्मच्या स्वतःच्या डोलण्याच्या अगदी शेजारी पडतो. आणि हा आवाज कानाला ऐकूच येत नाही. वूफरचा, म्हणजे बेसच्या स्पीकरचा, कागद विनाकारण आतबाहेर हेलकावे खाताना दिसला तर समजायचं.

आता प्रत्येक जण सांगतो, खाली फोम टाक, रबराचे पाय लाव, स्प्रिंग लाव. ढोबळ हिशेब असा: टर्नटेबलच्या वजनाने स्प्रिंग १ मिलिमीटर दबली तर ती सुमारे १६ हर्ट्झला डोलते, १० मिलिमीटर दबली तर ५ हर्ट्झला. आणि कुठलीही स्प्रिंग तिच्या स्वतःच्या डोलण्याच्या साधारण १.४ पटीच्या वरचेच हादरे अडवते. त्याच्या खालचे तसेच वर येऊ देते, आणि डोलण्याच्या अगदी जवळचे तर वाढवून देते. म्हणजे १ सेंटीमीटर दबणारी मऊ गादी ५० हर्ट्झचा बेस मस्त अडवेल, पण नाचामुळे येणारे ४-५ हर्ट्झचे हादरे आणखी मोठे करून सुईपर्यंत पोचवेल. २ हर्ट्झ अडवायचे तर स्प्रिंग १ हर्ट्झच्या आसपास डोलायला हवी, म्हणजे टर्नटेबलच्या वजनाने ती २५ सेंटीमीटर दबायला हवी. तसलं टेबल कोणी बांधत नाही.

म्हणून नाचाचा हादरा शोषत बसायचं नाही, टाळायचा. टेबल मजल्याच्या मध्यावरून उचलून खांबाजवळ, तुळईच्या वर किंवा भिंतीलगत न्या. मजला मध्ये जास्त झुलतो, आधाराजवळ कमी. शक्य असेल तर टेबलाचे पाय स्टेजच्या फळ्यांवर नकोत, खालच्या पक्क्या जमिनीवर हवेत. कायमची जागा असेल तर भिंतीत घट्ट ठोकलेला शेल्फ हा मला माहीत असलेला सर्वांत चांगला इलाज.

दुसरी गोष्ट म्हणजे टेबलाचं आडवं डुलणं. टोनआर्म आडवा अगदी सहज फिरतो, बनवलाच तसा आहे. त्यामुळे टेबल बाजूला झुललं की सुई चरीच्या भिंतीवर ढकलली जाते. टेबलाच्या कडेला एका बोटाने आडवं ढकलून बघा. डुलत असेल तर ते घडीचं टेबल बदला. बदलता येत नसेल तर मागच्या पायांना तिरकी पट्टी बांधा आणि खालच्या आडव्या दांड्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा. मी आयोजकांना आता आधीच एवढंच विचारतो: टेबल पक्कं आहे का आणि ते कशावर उभं आहे?

हवा, म्हणजे तुमचाच बेस

रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करून कोरतात आणि फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल मोठा करणारं सर्किट) तो परत वाढवतो. या ठरलेल्या वक्राला आरआयएए म्हणतात. त्यानुसार २० हर्ट्झचा आवाज १,००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबलने, म्हणजे जवळपास ९ पटींनी उचलला जातो. म्हणून सुईला लागलेली बारीकशी थरथरसुद्धा स्पीकरमधून मोठी होऊन येते, स्पीकर टर्नटेबल हलवतो, सुई ते पुन्हा उचलते. हे चक्र पूर्ण झालं की गुरगुर वाढत वाढत हंबरड्यापर्यंत जाते.

चाचणी सोपी आहे, लोक यायच्या आधी करा. प्लॅटर बंद ठेवून सुई रेकॉर्डवर ठेवा, मिक्सरवर त्या चॅनलचा फेडर (आवाजाची सरकती कळ) उघडा आणि आवाज हळूहळू रात्री ठेवणार आहात तिथपर्यंत न्या. हात मास्टरच्या बटणावरच राहू द्या. वाटेत गुरगुर सुरू झाली तर तिथेच थांबा, ती तुमची मर्यादा. मग आवाज थोडा कमी करून टेबलावर बोटाच्या पेराने ठोका. स्पीकरमधून धप्प आणि मागे शेपूट आलं, तर टेबलातून हादरे येतायत. ठोकून फारसं काही येत नाही पण आवाज वाढवला की गुरगुरतं, तर बेस हवेतून थेट टर्नटेबलवर आदळतोय.

आवाज कितीही केला तरी एकसारखी घूं चालू असेल, वाढत वाढत सुटत नसेल, तर ते हे नव्हे. अर्थिंगची वायर मिक्सरला लागली नसेल. ती लावा आणि पुढे चला.

टेबलातून येत असेल तर इथे मात्र मऊ आधार कामाचा आहे, कारण बेस ४०-५० हर्ट्झच्या वर असतो. एसएल-१२०० साधारण १२ किलोची आहे. तेवढं वजन मऊ आधाराला पुरेसं दाबत नाही. म्हणून जुना उपाय म्हणजे फरशी. ६० बाय ४५ सेंटीमीटरची, ५ सेंटीमीटर जाड काँक्रीटची लादी सुमारे ३२ किलो भरते. तिच्याखाली अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू किंवा फोमचे तुकडे, वर टर्नटेबल. प्रत्येक टर्नटेबलला वेगळी लादी, आणि टेबल एवढं वजन पेलतंय ना ते आधी बघा. वर ठेवल्यावर पाणसळ पुन्हा लावायची. पण मजला झुलणारा असेल तर हाच उपाय उलटतो, वर सांगितलं ते आठवा. दोन्ही त्रास असतील तर आधी जागा बदला, लादी नंतर.

फ्लाइट केसमध्ये ठेवूनच वाजवणाऱ्यांनी एकदा बघावं की टर्नटेबल स्वतःच्या पायांवर उभी आहे की केसच्या तळाला पोट टेकून बसली आहे. पाय अधांतरी असतील तर ते असूनही काही उपयोग नाही.

हवेतून येत असेल तर क्रम असा ठेवा. सबवूफर स्टेजवरून खाली उतरवा. पोकळ स्टेज म्हणजे ढोल, त्याच्यावर सब ठेवून आपण त्याच ढोलावर सुई ठेवतो. मग बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेला ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर, टर्नटेबलच्या टेबलावरून उचलून वेगळ्या स्टँडवर, कानाच्या उंचीला, तोंड तुमच्याकडे. माझ्या अनुभवात मुख्य सिस्टीमपेक्षा हे बूथ मॉनिटरच जास्त वेळा गुन्हेगार निघालेत, कारण ते सगळ्यांत जवळ असतात आणि रात्र चढत जाते तसा आपणच त्यांचा आवाज वाढवतो. टर्नटेबलचं झाकण काढून ठेवा, तो बेस झेलणारा पातळ पडदा आहे. खोलीच्या कोपऱ्यात बेस साचतो, तेव्हा भिंतीलगत जा पण कोपऱ्यात नको. कधीकधी टेबल मीटरभर सरकवलं की गुरगुर गायब होते. साउंडवाल्याला ३० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. नाचणाऱ्यांना फरक कळणार नाही, सुईला कळेल.

आणि एक सवय: सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवून फेडर उघडा सोडू नका. पुढचं गाणं तयार ठेवायच्या नादात हे घडतं, आणि भरात असताना हंबरडा येतो तो बहुतेक या बंद टर्नटेबलमधूनच. आलाच तर मास्टरकडे धावू नका, त्या चॅनलचा फेडर बंद करा. वाजत असलेल्याच टर्नटेबलमधून येत असेल तर त्याचा बेस कमी करा.

टाइमकोडवाल्यांसाठी

टाइमकोडमध्ये गाणं कॉम्प्युटरमधून वाजतं आणि टर्नटेबलवरच्या कंट्रोल रेकॉर्डने ते हाकतात. त्या रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सूर असतो. सेराटो या सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर तो १,००० हर्ट्झचा. त्यामुळे वर सांगितलेलं चक्र तसंच्या तसं पूर्ण होत नाही, पण हादरा त्या सुरात मिसळतो आणि सॉफ्टवेअरला वेग थरथरताना दिसतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं गोल चित्र इथे फार उपयोगी पडतं. रेकॉर्ड फिरत असताना वर्तुळ बारीक आणि स्थिर हवं. मित्राला टेबलाजवळ उड्या मारायला सांगा, मग सब वाजवा. वर्तुळ कशाने विस्कटतं ते डोळ्यांना दिसतं.

कार्यक्रमात एबीएसऐवजी (गाण्यातली जागा सुईच्या जागेवरून ठरते तो मोड) आरईएल मोड (फक्त वेग आणि दिशा रेकॉर्डवरून घेतो तो) ठेवा. सुई उडाली तरी गाणं जागेवरून पळत नाही, क्षणभर अडखळून पुढे जातं. सुई साफच हरली तर आयएनटीवर (रेकॉर्डशिवाय सॉफ्टवेअर स्वतः वाजवतं तो मोड) जाऊन गाणं संपवा आणि मग दुरुस्तीला लागा.

सुरुवातीला ज्या जागेबद्दल सांगितलं, तिथे काही महिन्यांनी परत बोलावणं आलं. टेबल मजल्याच्या मध्यातून खांबापाशी नेलं, सब खाली उतरवले, मॉनिटर स्टँडवर चढवले, नव्या सुईवर वजन कागदावरचंच. रात्रभरात सुई एकदा उडाली, तीही माझं कोपर लागून.